बिघडलेलं रक्त

अंगावर खपल्या दिसल्या आणि खाज काही केल्या जाईना, की आपल्याकडे निदानासाठी डॉक्टर लागत नाही. ते शेजारच्या काकू करून टाकतात: "रक्त बिघडलंय." उपायही ठरलेला असतो. कडुनिंबाचा रस, वांगं आणि मासे बंद, आणि रक्तशुद्धीच्या काढ्याची एक बाटली. शिकलेल्या माणसानं या निदानाला हसायचं असतं. मीही बरीच वर्षं हसलो. रक्त बिघडायला ते काय दूध आहे? हल्ली मात्र पूर्वीइतकं मोकळेपणानं हसता येत नाही. सोरायसिसपुरतं तरी काकूंचं वाक्य, त्यांना अभिप्रेत नसलेल्या अर्थानं का होईना, खरं ठरत चाललं आहे. बाटली मात्र तेव्हाही निरुपयोगी होती आणि आजही आहे.

सोरायसिस अनेकांनी पाहिलेला असतो, नाव ठाऊक नसतं एवढंच. कोपर, गुडघे, कंबर, डोक्याची त्वचा अशा ठिकाणी लालसर जाड चट्टे उठतात आणि त्यांवर अभ्रकासारख्या चंदेरी खपल्या धरतात. कातडीची पेशी तळात जन्मून वर येते आणि गळून पडते, या प्रवासाला एरवी चारेक आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. कातडीला एवढी घाई कोण करायला लावतं? शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा. बाहेर शत्रू नसताना ती लढाईवर निघते आणि मग थांबत नाही. भारतात शंभरातल्या ०.४४ ते २.८ लोकांना हा आजार असावा असे अंदाज आहेत. तो स्पर्शानं पसरत नाही. हे वाक्य दर वेळी लिहावं लागतं, कारण दर वेळी ते कुणीतरी पहिल्यांदाच वाचत असतं.

तो स्पर्शानं पसरतो या गैरसमजाची मुळं जुनी आहेत. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात मोठे आणि अकरा लहान. त्या अकरांतल्या एककुष्ठ आणि किटिभ यांच्याशी आजचे वैद्य सोरायसिसची सांगड घालतात. तिथे 'कुष्ठ' म्हणजे त्वचारोगांचं अख्खं कुळ होतं. पुढे हा शब्द आक्रसत महारोगापुरता उरला, पण त्याच्या सावलीतून बाकीचं कुळ सुटलं नाही. ज्या महाराष्ट्रात महारोग्यांसाठी आनंदवन उभं राहिलं, त्याच महाराष्ट्रात आजही सोरायसिस झालेल्या मुलीचं लग्न ठरवताना आई-बाप तिचे कोपर झाकून ठेवतात.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. लंडनच्या रॉबर्ट विलननं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या आजाराचं नेटकं वर्णन केलं, पण त्याच्या एका रूपाला नाव दिलं 'लेप्रा'. ही गाठ १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रानं सोडवली आणि सोरायसिसला महारोगापासून कायमचं वेगळं केलं. याच हेब्रानं खरजेचा किडा स्वतःच्या अंगावर सोडून दाखवून दिलं, की खरूज त्या किड्यामुळे होते, अंगातल्या दूषित रसांमुळे नाही. त्या काळी भल्याभल्या डॉक्टरांची समजूत होती, की खरूज म्हणजे आतली घाण बाहेर पडण्याची वाट, ती बुजवली तर रोग आत शिरतो. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ साली याच धारणेवर दीर्घकालीन रोगांचा आपला 'सोरा'चा सिद्धांत उभा केला. आपल्याकडे आजही "चट्टा मलमानं दाबू नका, आत जाईल, दमा होईल" असं बजावून सांगणारे भेटतात. ते नकळत हानेमानचे वारसदार असतात.

हेब्रा जिंकला हे उत्तमच झालं. पण प्रत्येक विजयाची एक वसुली असते. रसांचा सिद्धांत मोडीत निघाला आणि त्याच्याबरोबर त्वचेचं उरलेल्या शरीराशी असलेलं नातंही पुसट झालं. त्वचारोगशास्त्र स्वतंत्र झालं, त्याचा वॉर्ड वेगळा, पुस्तकं वेगळी. कातडीचा आजार कातडीत सुरू होतो आणि कातडीत संपतो, हे कुणी कधी सिद्ध केलं नाही. ते गृहीत धरलं गेलं.

या गृहीताला पहिले तडे १९७०च्या दशकात गेले. १९७८ साली मॅकडोनाल्ड आणि कॅलाब्रेसी या दोघांनी सोरायसिसचे रुग्ण आणि इतर त्वचारोगांचे रुग्ण यांची तुलना केली. सोरायसिसवाल्यांत रक्तवाहिन्या बंद होण्याचे प्रकार सुमारे दुपटीनं आढळले. निबंध छापला गेला आणि कपाटात गेला. कुणाला त्याचं काही करता आलं नाही, कारण हृदयविकार म्हणजे नळात साचलेली चरबी, अशीच तेव्हा सर्वांची समजूत होती. कातडीवरच्या खपल्यांचा या प्लंबिंगशी संबंध तरी कसा लावायचा?

तो लावायचा तर आधी हृदयविकाराकडे पाहण्याची नजर बदलायला हवी होती, आणि ती बदलली. धमनीच्या भिंतीत दाह असतो असं रुडॉल्फ विर्खोनं १८५०च्या दशकातच म्हटलं होतं, पण ते मागे पडलं होतं. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वरकरणी निरोगी पुरुषांच्या रक्तात सीआरपी हे दाहाचं लक्षण जास्त असेल, तर पुढे त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढते. १९९९ मध्ये रसेल रॉसनं आपल्या गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकलं, की धमनीकाठिण्य हा दाहजन्य रोग आहे. ('दाह' म्हटलं की मराठी माणसाला पित्ताची जळजळ आठवते. इथे अर्थ वेगळा आहे. जखमेभोवती येते तशी लाली, ऊब आणि सूज, पण आत, डोळ्याला न दिसणारी आणि वर्षानुवर्षं न ओसरणारी.)

मग २००६ साल उजाडलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जोएल गेलफांड यांच्या गटानं ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या नोंदींतून सुमारे १ लाख ३१ हजार सोरायसिस रुग्ण वेगळे काढले आणि साडेपाच लाखांहून अधिक इतरांशी त्यांची तुलना केली. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन या सगळ्यांचा हिशेब करूनही फरक शिल्लक राहिला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच्या वयाच्या इतरांच्या ३.१ पट होता. सौम्य आजार असेल तर १.२९ पट. साठीत पोहोचल्यावर तीव्र आजाराचा आकडाही १.३६ पटीवर उतरत होता.

"तिप्पट धोका" म्हटलं की वर्तमानपत्राचा मथळा तयार होतो, म्हणून या आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. तिशीत मुळातला धोकाच इतका लहान असतो, की त्याची तिप्पट करूनही तो लहानच राहतो. सगळी वयं एकत्र धरली, तर त्याच अभ्यासात हजार माणसांमागे वर्षाला सोरायसिस नसलेल्यांत ३.५८ झटके, सौम्य सोरायसिसवाल्यांत ४.०४ आणि तीव्रवाल्यांत ५.१३. एवढंच. पण दर वर्षी हजारामागे दीड जास्त हा आकडा एका आजाराच्या रुग्णांवर वीस-तीस वर्षं साचत गेला तर तो किरकोळ राहत नाही. शिवाय दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका जगातल्या इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे २००४ च्या 'इंटरहार्ट' या बावन्न देशांतल्या अभ्यासानं दाखवलं आहे. म्हणजे आपण आधीच घाईत आहोत आणि सोरायसिसचा रुग्ण त्या घाईत आणखी पुढे.

सगळेच अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात, २०१३ साली, सोरायसिस आणि हृदयविकार यांचा संबंध सापडला नाही. तिथले बहुतेक रुग्ण सौम्य आजाराचे होते. मला या दोन निष्कर्षांत मोठा झगडा दिसत नाही. कोपरावर रुपयाएवढा चट्टा असलेल्या माणसाला घाबरवण्यात अर्थ नाही. ज्याची पाठ, पोट, पाय चट्ट्यांनी भरले आहेत, ज्याचे सांधेही धरले आहेत, तो मात्र वेगळा माणूस आहे. फरक आजाराच्या नावाचा कमी, आगीच्या आकाराचा जास्त.

ही आग एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते तरी कशी? चट्ट्यातल्या खवळलेल्या पांढऱ्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१७ अशी रसायनं सोडतात. एकमेकींना बोलावण्याच्या या हाकाच म्हणा. हाका चट्ट्यापुरत्या राहत नाहीत, रक्तात उतरतात. यकृत आणि चरबी इन्शुलिनला दाद देईनाशी होतात, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिवट आणि चिकट होतं, तिथे कोलेस्टेरॉल रुतू लागतं. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ बोएन्के यांनी या साखळीला सोरायसिसची 'कूच' म्हटलं. कूच हा शब्द फौजेचा आहे, आणि तो बरोबरच आहे. कातडीवरच्या जाड चट्ट्याला आणि धमनीतल्या चरबीच्या थराला इंग्रजीत एकच नाव आहे, प्लाक. भाषेचा हा निव्वळ योगायोग. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे बऱ्याचशा त्याच पेशी त्याच कामाला लागलेल्या दिसतात.

"आत दाबला जातो" म्हणणाऱ्यांचा गोंधळ इथेच उघडा पडतो. चट्टा बरा केल्यानं रोग आत जात नाही. तो आधीपासूनच दोन्हीकडे आहे.

आता यातली सगळ्यात अवघड बाब. सोरायसिसचा माणूस बऱ्याचदा लठ्ठ असतो, सिगारेट ओढतो, दारू पितो, खिन्न असतो. काश्मीरमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चयापचयाच्या गडबडींचा एकत्रित संच, म्हणजे सुटलेलं पोट, वाढलेली साखर, रक्तदाब आणि चरबी, सोरायसिसच्या २८.८ टक्के रुग्णांत होता, इतरांत १६.७ टक्के. मग हृदय कशानं बिघडतं, आजारानं की वजनानं? आणि वजन आजारानं वाढतं की आजार वजनानं? ब्रिटन आणि नॉर्वेतल्या लोकांच्या जनुकांचा आधार घेऊन २०१९ साली या प्रश्नाला एक उत्तर मिळालं: वजन वाढल्यानं सोरायसिस होण्याची शक्यता वाढते, शरीरभाराचा निर्देशांक एकानं वाढला की सुमारे ९ टक्क्यांनी. उलट दिशेचा पुरावा क्षीण निघाला.

पण जनुकांना शरम कळत नाही. माझे एक मामा आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होते. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटण लावलेलं. पोहायला उत्तम यायचं, पण पस्तिशीनंतर त्यांनी नदीत पाय टाकला नाही. संध्याकाळी मैदानावर जाणं सोडलं, कारण घाम आला की बाह्या सारून घ्याव्या लागतात आणि मग लोक बघतात. लग्नात पंगतीला शेजारी बसलेला माणूस पान उचलून दुसरीकडे गेल्याचं त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. चालणं गेलं, वजन आलं, तंबाखूची डबी आली. या पोटाचा दोष कुठल्या रकान्यात लिहायचा? संशोधक लठ्ठपणा हिशेबातून 'वजा' करतात तेव्हा त्या वजाबाकीत मामांची नदीही जाते, असं मला वाटतं.

एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांना झटका आला. ते वाचले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि त्यांची डबीही निर्दोष नव्हती. माझा आक्षेप वेगळा आहे. त्यांच्या त्वचेच्या उपचारांची फाइल सतरा वर्षांची होती, वीतभर जाड. तिच्यात मलमांची नावं होती, चट्ट्यांची रेखाटनं होती, लिव्हरच्या तपासण्या होत्या. रक्तदाबाचा आकडा एकदाही नव्हता. मी नंतर चिडून विचारलं तेव्हा मामाच म्हणाले, "अरे, कातडीचा डॉक्टर कातडी बघणार. त्याला छाती कशी दाखवू?" डॉक्टर वाईट नव्हते. ते आपलं काम चोख करत होते. रक्तदाब हे त्यांचं कामच नाही, असं त्यांनाही वाटत होतं आणि मामांनाही.

इथे कुणी म्हणेल, दाह हेच मूळ असेल तर दाह विझवणारी जबर औषधं द्या, कातडी आणि काळीज दोन्ही वाचतील. युक्तिवाद देखणा आहे. नव्या महागड्या जैविक इंजेक्शनांच्या प्रचारात तो आडून डोकावतोही. पण पुरावा त्याच्या मागे यायला तयार नाही. अडालिमुमॅब या टीएनएफ-रोधक इंजेक्शनानं चट्टे झकास निवळतात. पण महाधमनीतला दाह स्कॅनवर मोजला तेव्हा औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचं फळ. शिवाय टीएनएफ रोखलं की अंगात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात तो किती जणांच्या अंगात झोपलेला आहे हे वेगळं सांगायला नको.

दाह रोखून हृदय वाचतं का, याची थेट परीक्षाही झाली आहे. 'कॅन्टोस' या २०१७ च्या चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे दाहरोधक औषध दिलं, बाकीच्यांना नकली औषध. मधल्या मात्रेनं पुढचे हृदयघात आणि तत्सम घटना १५ टक्क्यांनी घटल्या. कोलेस्टेरॉलला हात न लावता! रॉसचं म्हणणं खरं ठरलं. पण जंतुसंसर्गानं होणारे मृत्यू वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत, आणि औषध हृदयासाठी कधी वापरात आलं नाही. पाठोपाठ मेथोट्रेक्सेटची परीक्षा झाली. सोरायसिसचं हे जुनं, स्वस्त, आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध. पावणेपाच हजारांहून जास्त हृदयरुग्णांवर ते सपशेल निरुपयोगी ठरलं. मग कोल्चिसिन हे आणखी एक दाहरोधक औषध आलं. २०२० च्या चाचणीत साडेपाच हजार जुन्या हृदयरुग्णांत ते घेणाऱ्यांपैकी ६.८ टक्क्यांना पुढचा फटका बसला, न घेणाऱ्यांपैकी ९.६ टक्क्यांना. २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच ते सुरू करून पाहिलं, तेव्हा फायदा नाही. (कोल्चिसिन पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतही असतं. हे वाचून कुणी कंद उकरायला निघू नये. कळलावीनं माणसं दगावतात.)

म्हणून माझं मत असं, की सोरायसिसचं भारी औषध हृदयाच्या नावावर विकणं म्हणजे नव्या लेबलाची जुनी बाटली. कातडीसाठी गरज असेल तर ते जरूर घ्यावं. सुसह्य झालेली कातडी माणसाला मैदानावर परत नेते, हाही काही लहान फायदा नव्हे. पण हृदयासाठी लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत आणि त्या स्वस्त आहेत: रक्तदाबाचा पट्टा, कमरेची टेप, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल, तंबाखू सोडवणारा आग्रह, लागेल तिथे स्टॅटिनची गोळी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी, हे टेपवर वाचायला एमडी लागत नाही.

बाहेर याचे नियम झाले आहेत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१२ मध्येच सांगितलं, की तीव्र सोरायसिसच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा हृदयविकाराचा धोका निदानाच्या वेळी आणि मग दर पाच वर्षांनी मोजावा. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शनात सोरायसिसला 'धोका वाढवणारा घटक' म्हणून जागा मिळाली. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१९ मध्ये सुचवलं, की दहा टक्क्यांहून जास्त त्वचा व्यापली असेल तर हिशेबानं निघालेल्या धोक्याला दीडनं गुणावं. आपल्या सरकारी रुग्णालयातला त्वचारोग विभाग एका सकाळी किती केसपेपर उपसतो ते मी पाहिलं आहे, म्हणून डॉक्टरांना उपदेश करायची माझी इच्छा नाही. पण रांगेत दोन तास उभ्या असलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायला डॉक्टर लागत नाही. एक मावशी, एक यंत्र आणि केसपेपरवर दोन आकडे. हृदयविभाग दुसऱ्या इमारतीत असला तरी चालेल, आकडा केसपेपरवर पाहिजे.

आणि उलट बाजूही आहे. आपल्याकडे सोरायसिसचा उपचारच हृदयावर उठतो. 'जादूची पुडी', 'ताकदीचं इंजेक्शन', मेडिकलमधून स्वतःच उचललेलं मलम, यांत स्टिरॉइड असतं. चट्टा आठवड्यात पळतो, गावभर पुडीवाल्याचं नाव होतं. पोटातलं स्टिरॉइड साखर चढवतं, रक्तदाब चढवतं, आणि ते थांबवलं की सोरायसिस दुप्पट जोरानं उसळतो, कधी सर्वांगावर पुवाच्या फोडांनी. केंद्र सरकारनं २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. यादी कागदावर आहे. मलम अजूनही नुसतं नाव सांगून मिळतं, मी घेऊन पाहिलं आहे.

मामा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. स्टॅटिन घेतात, डबी सुटली, सकाळी चालतात, अजूनही पूर्ण बाह्यांत. चट्टे कमी झाले आहेत, गेलेले नाहीत. तुमच्या घरात कुणाला सोरायसिस असेल, तर त्याला काढ्याची बाटली आणून देऊ नका. पुढच्या वेळी त्वचेच्या डॉक्टरकडे त्याच्या सोबत जा. चट्टा दाखवायला बाही कोपरापर्यंत वर जाईल, ती आणखी चार बोटं वर सारायला सांगा आणि डॉक्टरांना म्हणा, "आता बी.पी.ही बघा."